दोन इंची अक्षरं

देवगडच्या सड्यावर, काजूच्या जुन्या गोदामात
बासष्ट सालचं पुष्पक उभं होतं तीन काट्यांवर:
दोन चाकांखाली, एक शेपटीखाली.
काटे आंबा सोसायटीचे.
मी आधी काट्यांचं प्रमाणपत्र मागितलं,
मग विमानाचं.
लोवलेकर हसले नाहीत. नौदलात तीस वर्षं काढलेला माणूस
कागदाला हसत नाही.

नवं इंजिन अकरा किलोंनी जड,
म्हणून बॅटरी मागे सरकवलेली, शेपटीकडे,
होडीत वजनाचे धोंडे हलवतात तशी.
गुरुत्वमध्य नियमात बसला, बोटभर जागा राखून.
पंखांचं कापड इब्राहिम सोलकरनं शिवलेलं,
जो शिडं शिवायचा, शिडं होती तोवर.
मी भिंग लावून टाके मोजले.
तो म्हणाला, उसवून बघा की.
वारा काय विचारून उसवतो?

"मग आता हे पुष्पक आहे की नाही?"
लोवलेकरांनी एवढंच विचारलं.

कारखान्याच्या कागदाप्रमाणे, नाही.
ज्या इंजिनासकट त्याला उडायला लायक ठरवलं होतं
ते कोपऱ्यात गोणपाटावर पडलंय, तोंडात चिंधी कोंबून.
नंबर तोच, नाव तेच, जन्मदाखला बाद.
अशांसाठी आमच्याकडे वेगळी वही असते.
तिच्यात लायक असं लिहीत नाहीत.
तिच्यात लिहितात: बघू या.

बघू या म्हणजे चाळीस तास.
दिवसाउजेडी. ढगांपासून लांब.
वस्तीवरून नाही. उतारू नाही.
पुराणातल्या पुष्पकात कितीही चढले तरी
एक जागा उरायचीच म्हणतात.
मी शेजारच्या खुर्चीचा पट्टा आवळून त्याला सील लावलं.
त्या खुर्चीवर इंदूवहिनींनी शिवलेली उशी होती,
जांभळी, कडेला झालर.
उतरवली. तीनशे ग्रॅम.

आत चढणाऱ्याच्या नजरेस पडेल असा एक शब्द लिहावा लागतो,
अक्षरं दोन इंच.
होड्यांवर नावं काढणारा बाबल्या पेंटर आला.
त्यानं प्रायोगिक लिहिलं सावली देऊन,
वेलांटीला पोपटी शेपूट, मात्रेवर बांगडा.
बांगडा पुसायला लावला.
शेपूट राहू दिलं, शेपटाबद्दल नियमात काही नाही.
"मॅडम, ह्यां नाव कोणाचा?"
नाव नाही, इशारा आहे.
ह्याचं काय होईल ते अजून कोणाला ठाऊक नाही, असा.
ब्रश पुसत तो म्हणाला,
"मगे माझ्या झिलाच्या कपाळार पण लिवतंय."

शेवटी नकाशा.
किनाऱ्यापासून आत, निळ्यावर मी चौकोन आखला,
आणि सवयीनं लिहिलं: निर्मनुष्य.
अठरा वर्षं लिहीत आलेय.
दारात कुबल उभा होता, सोसायटीचे काटे परत न्यायला आलेला.
वाकून बघत म्हणाला,
"बाय, हंय रिकामा खंय असा?
फाटफटी साठ होडये असतत हंयसर."

मी पेन काढलं.
निर्मनुष्यवर रेघ मारली, रेघेशेजारी सही केली,
खाली लिहिलं: सकाळी दहानंतरच,
होड्या बंदराला लागल्यावर.
कार्यालयात विचारतील, हा नियम कुठला.
कुबलचा, असं सांगता येणार नाही.
काहीतरी सांगेन.

मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी
ते धावपट्टीवरून उठलं, थोडं डावीकडे झुकून.
लाल जांभ्यावरची सावली कड्याशी संपली.
इब्राहिम बघत नव्हता. तो पाठमोरा बसून आवाज ऐकत होता.
बाबल्या विचारत होता, वरून ती अक्षरं दिसतात का.
नाही दिसत. ती आतल्यासाठी असतात.

चोवीस मिनिटांनी चाकं टेकली. दोनदा.
मी वहीत लिहिलं:
शिल्लक, एकोणचाळीस तास छत्तीस मिनिटं.
तळ्यावरच्या कातळावर
इंदूवहिनींनी उशी उन्हात टाकली होती,
पावसाळ्याआधी गाद्या टाकतात तशी,
आणि उलटी करायला उठल्या.